व्हिटॅमिन डी, रक्तवाहिन्या आणि इन्सुलिन: आरोग्याचे व्हिडिओ बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

व्हिटॅमिन डीवर तुम्ही जे व्हिडिओ बनवता, पोस्ट लिहिता ते मी गेली काही वर्षं नियमित बघतेय. मी डॉक्टर नाही. मला प्रीडायबेटिस आहे (शुगर वाढलेली, पण अजून डायबेटिस म्हणण्याइतकी नाही), घरात बीपी आणि डायबेटिस दोन्ही आहे, त्यामुळे या विषयावर जे हाती लागेल ते वाचते, मूळ रिसर्च पेपरसुद्धा, आणि डोक्यात शिरेपर्यंत परत परत वाचते. तुम्हाला लिहायचं कारण असं की तुम्ही जे सांगता त्यातला पहिला भाग बराचसा खरा असतो, आणि मग तुम्ही तिथून एकदम गोळीवर उडी मारता. डी कमी असेल तर रक्तवाहिन्या बिघडतात, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, शुगर वाढते, मग डीची गोळी चालू करा, हार्ट पण सांभाळलं जाईल आणि शुगर पण. यातला गोळीवाला भाग हजारो लोकांवर तपासून झालाय हो, त्याचे निकाल छापून येऊन वर्षं झाली, आणि ते तुमच्या व्हिडिओत येतच नाहीत.

आधी खऱ्या भागाबद्दल बोलते, कारण तो मला स्वतःला फार आवडतो आणि तुम्ही तो दोन वाक्यात उरकता.

डीला व्हिटॅमिन म्हणतात पण त्याची वागणूक हार्मोनची आहे. कातडीवर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की कोलेस्टेरॉलच्याच कुळातल्या एका पदार्थापासून ते तयार होतं, मग लिव्हरमध्ये त्याचं एक रूप बनतं (रिपोर्टमध्ये मोजतात ते हेच, २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी) आणि मग किडनीत त्याचं खरं कामाचं रूप बनतं, कॅल्सिट्रायॉल. हे कॅल्सिट्रायॉल पेशीत जाऊन ज्या रिसेप्टरला (त्याचा संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं तो रिसेप्टर फक्त हाडात आणि आतड्यात असता तर हा सगळा विषय हाडांपुरताच राहिला असता. पण तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात सापडला, वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत सापडला, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत सापडला. आणि जिथे रिसेप्टर आहे तिथे काहीतरी काम असणारच ना, म्हणून लोक शोधायला लागले.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर म्हणजे एंडोथेलियम, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा थर. रक्ताचा जोर वाढला की हा थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि वाहिनी सैल होते, रुंद होते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. ज्या एन्झाइममुळे हे नायट्रिक ऑक्साइड बनतं त्याचं प्रमाण कॅल्सिट्रायॉलमुळे वाढतं असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. दुसरी वाट रेनिनची. रेनिन म्हणजे किडनी जे सोडते आणि ज्याच्यापासून बीपी चढवणारी सगळी साखळी सुरू होते ते. २००२ मध्ये ज्या उंदरांत डीचा रिसेप्टरच काढून टाकला होता त्यांच्यात रेनिन वाढलं, बीपी वाढलं, हृदयाचा स्नायू जाड झाला. म्हणजे डी हा रेनिनवरचा ब्रेक आहे, निदान उंदरात तरी नक्कीच.

इन्सुलिनची बाजू तर त्याहून जुनी. १९८० मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ अँथनी नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डीचा तुटवडा असलेल्या उंदरांचं स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. नंतर इन्सुलिन सोडण्यासोबत त्याला दाद देण्याचा पण अभ्यास सुरू झाला, म्हणजे ज्याला आपण इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी म्हणतो. तिथे डीचे हात बरेच ठिकाणी असू शकतात, इन्सुलिनच्या रिसेप्टरचं प्रमाण, पेशीतलं कॅल्शियम, सूज आणणारे पदार्थ, आणि डी कमी झाल्यावर वाढणारं पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं).

आता जी गोष्ट मला तुमच्या एकाही व्हिडिओत सापडली नाही ती सांगते. तुम्ही "रक्तवाहिन्यांना फायदा" आणि "शुगरला फायदा" असे दोन वेगवेगळे मुद्दे सांगता, पण शरीरात ते इतके वेगळे नाहीतच. आपण खाल्लं की इन्सुलिन वाढतं, आणि ते इन्सुलिन स्नायूंना साखर आत घ्यायला तर सांगतंच पण त्याचबरोबर एंडोथेलियमला नायट्रिक ऑक्साइड सोडायला पण सांगतं, त्यामुळे स्नायूंतल्या बारीक बारीक केशवाहिन्या उघडतात आणि साखर आणि इन्सुलिन दोन्ही स्नायूपर्यंत पोचतात. अस्तर खराब असेल तर हा रस्ताच नीट उघडत नाही, मग इन्सुलिन रक्तात असून स्नायूपर्यंत कमी पोचतं, आणि आपण म्हणतो इन्सुलिन रेझिस्टन्स. आणि उलटीकडून, रेझिस्टन्स वाढला की अस्तराला मिळणारा तो संदेश पण क्षीण होतो. डायबेटिस असलेल्याला हार्टची भीती का घालतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. डी या दोन्हीच्या मधोमध कुठेतरी बसतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याच्यात इतका रस. हे एवढं जरी नीट दाखवलंत ना तरी बघणाऱ्याला कळेल की जेवणानंतर चालून स्नायूंकडचा हा रस्ता मोकळा करायला का सांगतात.

मग लोकांमध्ये बघितलं तर काय दिसलं? संबंध दिसला, आणि चांगला ठळक दिसला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या हृदयविकारावरच्या अभ्यासात १,७३९ जण होते, कुणालाच आधी हृदयविकार नव्हता, सरासरी साडेपाच वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा डी १५ नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटरमागे, पुढचे आकडे पण याच एककात) खाली होता त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका बाकीच्यांच्या मानाने १.६२ पट निघाला, आणि हा वाढलेला धोका मुख्यतः बीपी असलेल्यांमध्ये होता. २००८ मध्ये हे छापून आलं. तुमच्यापैकी अनेक जण हाच आकडा स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवता आणि आकडा बरोबरच आहे. डायबेटिसचं पण तेच, डी कमी असणाऱ्यांना पुढे टाइप २ होण्याचं प्रमाण जास्त, असं एकामागून एक अभ्यासात दिसलं.

पण कुणाचा डी कमी असतो याचा जरा विचार करा. वजन जास्त असेल तर डी चरबीत मुरतो आणि मोठ्या शरीरात विखुरला जातो, म्हणून रक्तात कमी दिसतो, आणि जास्त वजन हेच तर इन्सुलिन रेझिस्टन्सचं मोठं कारण. जो घराबाहेर चालतो फिरतो त्याला ऊन मिळतं आणि व्यायाम पण मिळतो, व्यायामाने अस्तर आणि इन्सुलिन दोन्ही सुधारतात, डी बिचारा सोबत वाढलेला असतो. जो आजारी आहे तो बाहेरच पडत नाही. शरीरात सूज असली तरी डीची पातळी खाली जाते. वय वाढलं की कातडी डी कमी बनवते आणि वय वाढलं की हार्टचा धोका पण वाढतो. म्हणजे कमी डी हा आजाराचं कारण असेल किंवा आजारी, बैठ्या जगण्याची खूण असेल, आणि नुसत्या निरीक्षणातून यातलं कुठलं ते कळत नाही. संशोधक हिशोबात वजन वय सगळं धरायचा प्रयत्न करतात, पण माणसाचं सगळं जगणं काही हिशोबात बसत नाही.

याच्यात अजून एक गंमतशीर धागा आहे. २०१४ मध्ये एडिनबरा आणि साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी निरोगी लोकांच्या कातडीवर यूव्हीए किरण टाकले. यूव्हीएने डी बनत नाही, त्याला यूव्हीबी लागतं. तरी त्या लोकांच्या वाहिन्या थोड्या सैल झाल्या आणि बीपी थोडं उतरलं, कारण कातडीत साठलेल्या नायट्रिक ऑक्साइडच्या साठ्यातून काही भाग रक्तात आला. डीची पातळी तशीच राहिली. म्हणजे उन्हात राहणाऱ्यांच्या वाहिन्या चांगल्या असतील तर त्याचं सगळं श्रेय डीला द्यायचं की नाही हाच प्रश्न आहे, आणि गोळीत तर हे काहीच येत नाही. छोटा प्रयोग आहे, त्याच्यावर फार मोठं बांधकाम करू नये, पण विचार करायला लावतो.

आता ट्रायल. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी, कुणाला कुठली हे कुणालाच माहीत नाही, आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. कमी डी हे आजाराचं कारण आहे का नुसती खूण, हे ठरवायचा हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग.

व्हायटल नावाची अमेरिकेतली ट्रायल, २५,८७१ लोक, रोज २००० युनिट डी, पाच वर्षांहून जास्त काळ. निकाल २०१८ ला आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू, तिन्ही मिळून दोन्ही गटात जवळपास सारखंच. लोक म्हणाले की यांचा डी सुरुवातीलाच बरा होता, सरासरी ३० च्या आसपास, हा आक्षेप योग्य आहे, पण त्यातल्या ज्यांचा २० च्या खाली होता त्यांच्यातही हृदयासाठी फायदा दिसला नाही. न्यूझीलंडच्या विडा ट्रायलमध्ये ५,१०० च्या वर लोकांना दर महिन्याला १ लाख युनिट दिले, २०१७ चा निकाल, फरक नाही. ऑस्ट्रेलियात २१,००० हून जास्त वयस्कर लोकांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट दिले, तिथे मोठ्या हृदयविकाराच्या घटना ६.६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आल्या, म्हणजे आशेचा किरण म्हणावा तर म्हणता येईल पण हा योगायोग नाही असं ठामपणे म्हणण्याइतका फरक नाही. बीपीसाठी डेलाइट नावाची वेगळी ट्रायल झाली, २०१५ मध्ये निकाल, ५३४ लोक, सगळ्यांचा डी कमी आणि बीपी थोडं वाढलेलं, म्हणजे अगदी तुम्ही ज्यांना डोळ्यासमोर धरून बोलता तेच लोक. सहा महिने रोज ४००० युनिट घेणाऱ्यांचं आणि ४०० घेणाऱ्यांचं बीपी सारखंच राहिलं. दंडाला पट्टा बांधून सोडल्यावर वाहिनी किती फुगते ते सोनोग्राफीने मोजायची टेस्ट असते, एंडोथेलियमची, त्याच्यावरच्या छोट्या छोट्या ट्रायल एकत्र केल्या तरी गोळीने ठोस सुधारणा झाली असं निघत नाही.

मला हे वाचून वाईट वाटलं होतं, खरं सांगते. मला पण गोळीने काम व्हायला हवं होतं.

शुगरचं चित्र मात्र वेगळं आहे आणि म्हणूनच मला राग येतो की तुम्ही दोन्हीला एकाच माळेत ओवता. डीटूडी ट्रायल, २०१९, प्रीडायबेटिस असलेले २,४२३ लोक, रोज ४००० युनिट, अडीच वर्षं. डायबेटिस होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत १२ टक्क्यांनी कमी, पण आकडेशास्त्राच्या कसोटीला उतरलं नाही. इथे पण बहुतेकांचा डी आधीच २० च्या वर होता. ज्या थोड्या लोकांचा १२ च्या खाली होता, जेमतेम शंभरच्या आसपास माणसं, त्यांच्यात फायदा बराच मोठा दिसला, पण ते नंतर केलेलं विश्लेषण आहे आणि लोक फार कमी, म्हणून ते सांगताना तेवढं सांगावंच लागतं. मग २०२३ मध्ये अशा तीन ट्रायलचा डेटा एकत्र केला, अमेरिका, नॉर्वे आणि जपान. प्रीडायबेटिसवाल्यांत डायबेटिस होण्याचा धोका १५ टक्क्यांनी कमी निघाला. आणि हे १५ टक्के सापेक्ष आहेत बरं का, प्रत्यक्षात तीन वर्षांत दर १०० लोकांमागे साधारण तीन जणांचा डायबेटिस टळला किंवा निदान पुढे गेला. फायदा थोडा आहे पण खरा आहे. एंडोक्राइन सोसायटी म्हणजे हार्मोनतज्ज्ञांची संघटना, तिच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये म्हणूनच जास्त धोक्याच्या प्रीडायबेटिसवाल्यांना खाणंपिणं व्यायाम याच्या जोडीला डी द्यावं असं सुचवलंय. जोडीला. त्याच्याऐवजी नाही.

इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी थेट मोजायची सगळ्यात पक्की पद्धत क्लॅम्प, तासन्‌तास सलाइनमधून इन्सुलिन आणि साखर देत राहून मोजतात. त्यात पण दोन्ही प्रकारचे निकाल आहेत. क्युबेकमध्ये डायबेटिसचा धोका असलेल्या किंवा नुकताच झालेल्या लोकांना सहा महिने रोज ५००० युनिट दिल्यावर सुधारणा दिसली, ते २०१९ ला छापलं. मेलबर्नमध्ये वजन जास्त आणि डी कमी पण डायबेटिस नसलेल्या लोकांत काहीच फरक नाही, ते २०१७ चं. बहुधा कुणाला दिलं याच्यावर बरंच अवलंबून आहे, बिघाड सुरू झालेला असेल आणि तुटवडा असेल तिथे डीला काहीतरी करायला जागा असते, जिथे टाकी भरलेलीच आहे तिथे अजून ओतून काय होणार. हे माझं मत, पण आकडे बघितले तर तिकडेच बोट दाखवतात.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे की "डी सगळ्यांसाठी" असं बोलू नका. तुटवडा असलेल्याला डी मिळालाच पाहिजे, हाडांसाठी, स्नायूंसाठी, त्याच्यात दुमत नाही, आणि प्रीडायबेटिस असेल तर बहुधा शुगरसाठी पण. पण हार्टसाठी गोळी घ्या म्हणून सांगायला आज आधार नाही.

आणि तुटवडा म्हणजे किती तेही सांगत जा. तुमच्या व्हिडिओत ३० च्या खाली सगळे आजारी, काहींच्या तर ५० च्या खाली. २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने म्हटलं की २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर जवळपास सगळ्यांच्या हाडांना पुरतं. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३० चा आकडा धरला, आणि २०२४ मध्ये त्याच सोसायटीने तो मागे घेतला, शिवाय निरोगी माणसाने सरसकट टेस्ट करू नये असंही म्हटलं. म्हणजे २४ आलेला माणूस घाबरून रात्रभर जागायची काही गरज नाही. अजून एक, रिपोर्ट कधी नॅनोग्रॅममध्ये असतो कधी नॅनोमोलमध्ये, १ नॅनोग्रॅम म्हणजे अडीच नॅनोमोल, ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम, लोक एकक न बघता आकडा तुमच्या तक्त्याशी लावतात आणि घोळ होतो.

सगळ्यात जास्त काळजी मला डोसची वाटते, आणि इथे कृपा करून लक्ष द्या. मोठा डोस घेतला की लवकर भरतं असं तुमच्यातले काही जण सांगता. २०१० ला छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रायलमध्ये ७० च्या वरच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, हाडं मोडू नयेत म्हणून. त्या जास्त पडल्या आणि हाडं जास्त मोडली. दीर्घकाळ फार जास्त घेतलं तर रक्तात कॅल्शियम चढतं, तहान, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, मुतखडा, किडनीवर ताण. आणि रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर प्रयोगशाळेत उंदरांच्या धमन्यांत कॅल्शियम साचवून त्या कडक करायच्या असतील तर डीचे भरमसाट डोसच देतात. ज्या वाहिन्या मऊ राहाव्यात म्हणून माणूस गोळी घेतो त्याच अशाने कडक होऊ शकतात, हे त्याला कुणीतरी सांगायला नको का? मोठ्यांसाठी रोजची गरज ६०० युनिट धरतात, सत्तरीनंतर ८००, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये असा संकेत आहे. तुमच्या बोलण्यात १०,००० सहज येतं.

शिवाय परिणाम बघायला घाई करू नका म्हणून सांगा. रक्तातला डी अर्धा व्हायला दोन तीन आठवडे लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला तीनेक महिने जातात. पंधरा दिवसांनी टेस्ट करून "काहीच फरक नाही" म्हणून डोस दुप्पट करणारे लोक मी बघितलेत.

पुढच्या वेळी एखादा अभ्यास दाखवाल तेव्हा चार गोष्टी स्क्रीनवर येऊ द्या एवढीच विनंती: माणसं होती की उंदीर, त्यांचा सुरुवातीचा डी किती होता, डोस किती आणि किती काळ, आणि मोजलं काय, नुसता रिपोर्टमधला आकडा की खरोखरचा अटॅक किंवा डायबेटिस. यात तुमचं अर्धं मिनिट जाईल. आणि मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन यातलं काहीही डीच्या भरवशावर बंद करायचं नाही हे दर वेळी, दर व्हिडिओत, सुरुवातीलाच म्हणा, शेवटी नाही, शेवटपर्यंत फार कमी लोक थांबतात.

ज्यांना किडनीचा आजार आहे, मुतखडा होऊन गेलाय, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) आहे, बीपीसाठी थायाझाइड जातीची पाणी काढणारी गोळी चालू आहे किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने डी सुरू करू नये, त्यांचं कॅल्शियम वेगळ्या पद्धतीने वागतं. तुमच्या प्रेक्षकांत हे लोक नक्की आहेत, कारण शुगर आणि हार्टची काळजी असलेलेच तर तुम्हाला बघतात. त्यांच्यासाठी एक वेगळा व्हिडिओ कराल का? केलात तर मी तो माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला पाठवीन.

तुमची नियमित प्रेक्षक